तपासणी झाली, दाढ तशीच

लहान मुलाचा दात किडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते: "दुधाचाच आहे, पडणारच आहे." आजी म्हणते, शेजारीण म्हणते, वर्गातले गुरुजी म्हणतात, आणि पुष्कळदा दवाखान्यात केस पेपर फाडणारा माणूसही म्हणतो. बंगल्यातल्या पोराबद्दल मात्र हे वाक्य कुणी उच्चारत नाही. त्याच्या दुधाच्या दाढेचे रूट कॅनल होते, वर स्टीलची टोपी बसते आणि निघताना डॉक्टरबाई हातात फुगा देतात. दात दोघांचेही पडायचेच आहेत. ते पडेपर्यंत ठणका कुणी सोसायचा आणि कुणी नाही, एवढेच बापाच्या खिशावरून ठरते.

या वाक्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. दुधाचे दात वीस. त्यांतले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, हे खरे. मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलीच्या किडक्या दाढेकडे बघून "पडणारच आहे" म्हणणारा माणूस तिला आणखी सहा-सात वर्षे कळ काढायला सांगत असतो. दुधाच्या दातावरचे कवच पातळ असते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, तोवर आतली पोकळी नसेपर्यंत पोचलेली असते. मुळाशी पू धरला तर त्याच्या खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्याला वाट उरत नाही.

यात आणखी एक फसगत आहे, आणि ती शिकलेल्या घरांतही होते. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक नवी दाढ गुपचूप उगवते. ती यायला कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे कुणाला कळत नाही. ती कायमची असते. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, अन्न तिथे अडकून बसते आणि दोन-तीन वर्षांत ती पोखरली जाते. आई समजते की हीही दुधाचीच. पाचवी-सहावीतल्या कितीतरी मुलांची ही जन्मभराची दाढ अशी आल्याचे कळायच्या आतच निकामी होते.

दात दुखणारे गरिबाघरचे मूल "दात दुखतो" असे क्वचितच म्हणते. ते एका बाजूने चावू लागते. भाकरी टाळते, चहात बुडवलेली चपाती मागते, भात मागते. वर्गात गालावर हात ठेवून बसते, आणि बाईंच्या वहीत "अभ्यासात लक्ष नाही" अशी नोंद होते. रात्री सगळे झोपले की ठणका वाढतो. मग लवंग येते, लवंगेचे तेल येते, मेडिकलमधून गोळी येते. तिने भागले नाही की घरातले मोठे माणूस तंबाखूची चिमूट किंवा भाजलेली मिश्री दाढेत धरायला देते. त्याने बधिर होते, पोर झोपते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे आणि गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? आठ-नऊ वर्षांच्या पोराला तंबाखूची पहिली ओळख औषध म्हणून होते. तोंडाच्या कर्करोगाचे वॉर्ड या देशात कसे भरतात, याची चर्चा करताना या चिमटीची आठवण कुणाला होत नाही.

आठवडे बाजारात अजूनही कुठेकुठे दातातली कीड काढून देणारा माणूस भेटतो. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकतो, नळीने धूर तोंडात सोडतो आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे दाखवतो. ते किडे नसतात. तडकलेल्या बियांच्या पोटातले कोंब असतात. दात पोखरणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत; साखर खाऊन ते आम्ल सोडतात आणि त्या आम्लात दात विरघळतो. आपण शिकलेली माणसे या बाजारातल्या वैदूला हसतो. पण तो थोडक्या पैशांत काम करतो, बाजाराच्या दिवशी ठरल्या जागी हजर असतो आणि "आज डॉक्टर ट्रेनिंगला गेलेत, पुढच्या मंगळवारी या" असे बाईला सांगत नाही. आपल्या आरोग्यखात्याने त्याच्याकडून निदान हजेरी शिकायला हरकत नाही.

सरकार काहीच करत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार मोफत, असा त्याचा वायदा. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा हे पथक येते. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुले या कार्यक्रमामुळे शस्त्रक्रिया होऊन धडधाकट घरी परतली, आणि त्याबद्दल पथकातल्या डॉक्टरांना मनापासून नमस्कार केला पाहिजे. त्यांच्या यादीत किडलेले दातही आहेत. पथक येते, पोरांना "आ कर" म्हणते, बॅटरी मारते, कार्डावर खूण करते आणि चिठ्ठी देते: ग्रामीण रुग्णालयात दाखवा. रकाना भरला जातो. अहवाल वर जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पथक येते, पुन्हा "आ कर", पुन्हा त्याच दाढेची खूण. फक्त दाढ आता अर्धी राहिलेली असते.

माझे म्हणणे या एका जागेवर येऊन थांबते. ज्या आजारावर उपचार होणार नाही, तो दरवर्षी मोजत राहणे हे आरोग्यसेवेचे काम नाही. हृदयाच्या बाबतीत चिठ्ठीच्या मागे पैसा उभा केला, मोठी रुग्णालये उभी केली, पाठपुरावा करणारी माणसे नेमली. दाताच्या बाबतीत चिठ्ठीच्या मागे आई एकटी उभी आहे.

त्या चिठ्ठीचा प्रवास पाहा. गाव ते तालुका एसटी दिवसातून तीनदा, त्यातली सकाळची एक. आईने शेतातला रोज बुडवायचा. दोनशे-तीनशे रुपये गेले. धाकटे पोर शेजारणीकडे ठेवायचे. ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाचे पद मंजूर असायला हवे. मंजूर असेल तर भरलेले हवे. भरलेले असेल तर डॉक्टर त्या दिवशी हजर हवेत. डॉक्टर असले तर खुर्ची चालू हवी. खुर्ची चालू असली तर सिमेंट शिल्लक हवे. या सगळ्या कड्या जुळल्या, तरी नसेपर्यंत गेलेल्या दाढेला दोन-तीन खेपा लागतात, आणि दुसऱ्या खेपेचा रोज बुडवणे तिला परवडत नाही. म्हणून डॉक्टरही व्यवहार बघतात आणि म्हणतात, "काढून टाकू." बाईही हो म्हणते. गरिबाच्या दाताचा उपचार म्हणजे तो उपटणे, हे आपल्याकडे न लिहिलेले धोरण झाले आहे. खासगीत जावे तर तालुक्याच्या गावातसुद्धा एका रूट कॅनलचे टोपीसकट काही हजार होतात. घरात दोन पोरे आणि प्रत्येकाच्या दोन-तीन दाढा; बेरीज करायचीही गरज नाही.

इथे सुशिक्षित बैठकीत हमखास एक मुद्दा निघतो: "आईबापांनाच दाताचे महत्त्व नाही हो. पोरांना दिवसभर बिस्किटे चारतात, ब्रश करायला लावत नाहीत." हा मुद्दा जुना आहे. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, तेव्हाही शिकलेल्यांचे म्हणणे हेच होते की या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. राजर्षी शाहूंनी गोडी निर्माण व्हायची वाट पाहिली नाही. १९१७ पासून करवीर संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि मुख्य म्हणजे त्याच्याआधी गावात शाळा काढली. आधी सोय, मग सक्ती, आणि उपदेश सगळ्यात शेवटी. आपण दातांच्या बाबतीत नेमके उलटे चाललो आहोत. उपदेशाची पत्रके भरपूर, सोयीचा पत्ता नाही. त्याच जोतीरावांचे नाव लावलेली जन आरोग्य योजना मोठ्या शस्त्रक्रियांचा लाखोंचा खर्च उचलते, ते योग्यच आहे. पण पोराच्या दाढेत सिमेंट भरायला तिच्यात जागा नाही.

आणि बिस्किटाबद्दल बोलायचेच असेल तर उसाच्या फडापर्यंत चालत जाऊन बोलावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, जामखेडकडची माणसे उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात कोपीतून निघायचे, पोर जागे झाले की त्याच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा द्यायचा आणि काळ्या चहाची किटली जवळ ठेवायची. त्या वेळी त्या फडावर त्या बाईला परवडणारे, न शिजवता खाता येणारे आणि पोराला गप्प ठेवणारे दुसरे काय आहे, ते सांगा. दिवसभर ते पोर कांडे चोखते, बिस्किट खाते, चहा पिते. तोंडातली साखर निवळायला तासभरही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास पाचच्या. उत्तम सल्ला. तो ऐकायला ती बाई कोपीत नाही, ती फडात आहे. साऱ्या देशाच्या चहात साखर पडावी म्हणून जी माणसे राबतात, त्यांच्या पोरांच्या दाताची राख त्याच साखरेने होते. आणि ही पोरे मार्च-एप्रिलपर्यंत गावाबाहेर असल्यामुळे, त्या काळात गावच्या शाळेत तपासणीची गाडी आली तर ती "गैरहजर" ठरतात. चिठ्ठीसुद्धा त्यांच्या नशिबी नाही.

साखरेला माझा पाठिंबा नाही. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवू नये, दोन जेवणांच्या मधे गोड टाळावे, हे आशाताईंनी सांगितलेच पाहिजे आणि त्या सांगतातही. पण दोष आणि उपदेश हे दोन्ही एकाच बाईच्या पदरात बांधून आपण मोकळे व्हायचे, यात कसले प्रबोधन?

आता ज्याच्या पोराची दाढ आज दुखते आहे त्याच्या उपयोगाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळे मोफत केलेले आहे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ज्याला आपण सिव्हिल म्हणतो ते जिल्हा रुग्णालय या विभागाखाली येतात. तिथे दाताच्या कामाला पैसे मागितले तर ते नियमात बसत नाही. जाण्याआधी फोन करून दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, एवढे आशाताईंकडून विचारून घ्यावे. नवरा किंवा बायको कारखान्यात असेल आणि पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर त्या विम्यात मुलांचे दातही येतात. कित्येक कामगारांना हे ठाऊकच नसते.

सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी जागा म्हणजे दंत महाविद्यालय. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले सरकारी, मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचे सरकारी. शिवाय पुणे, नाशिक, कराड, लोणी, सावंगी अशा ठिकाणची खासगी. प्रत्येक दंत महाविद्यालयात फक्त मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. दारावर पेडोडॉन्टिक्स अशी पाटी असते. ती वाचता आली नाही तर "लहान मुलांचे दात" एवढे विचारले तरी शिपाई बोट दाखवतो. बाहेर हजारांत जाणारे काम इथे खूपच कमी पैशांत होते, कारण विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेच असतात. "शिकाऊ पोरे आपल्या लेकरावर हात साफ करतील" ही भीती लोकांना वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण तिथे विद्यार्थ्याचे प्रत्येक काम शिक्षक तपासतात, तेव्हाच त्याच्या वहीवर सही होते. वेळ जास्त लागतो, एवढे मात्र मान्य करायला हवे. सकाळी लवकर जावे, पोराला खाऊ घालून न्यावे आणि पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी.

या जागा चांगल्या असल्या तरी गावापासून लांब आहेत, आणि लांब असणे हाच खरा आजार आहे. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालये आहेत. दरवर्षी हजारोंनी पोरे-पोरी बीडीएस होऊन बाहेर पडतात, लाखोंचे शुल्क भरून. त्यांतली बरीचशी शहरात दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर उमेदवारी करतात, कारण एकेका रस्त्यावर चार-चार पाट्या आहेत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या दंतवैद्यकाने अक्षरशः खरी करून दाखवली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताची खुर्ची नाही आणि तपासणीच्या फिरत्या पथकात दाताचा डॉक्टर नाही. पथकात एक बीडीएस मुलगी नेमा, एवढी साधी मागणीही मी वर्तमानपत्रांत फारशी वाचलेली नाही.

ती नेमली तर ती शाळेच्या व्हरांड्यात काय करू शकेल? पुष्कळ काही, आणि तेही ड्रिलशिवाय, विजेशिवाय. टांझानियात १९८० च्या दशकात एक पद्धत रुजली: हाताच्या छोट्या अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून काढायचा आणि त्यात ग्लास आयनोमर सिमेंट दाबून भरायचे. घरघर नाही, बहुतेक वेळा इंजेक्शन नाही. दुसरे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे द्रावण. कापसाने दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचे. कीड तिथल्या तिथे थबकते. सहा-सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. खर्च एका दाताला काही रुपये. त्याची एक खोड आहे: किडलेला भाग काळाकुट्ट होतो. तेव्हा पुढच्या दातांना लावण्याआधी आईला तसे स्पष्ट सांगावे आणि तिला ठरवू द्यावे. मागच्या दाढेला कोण बघतो? नसेपर्यंत पोचलेल्या, पू झालेल्या दाढेला याचा उपयोग नाही, तिला खुर्चीवरच न्यावे लागते. पण दर दाढेची ती वेळ येऊच नये म्हणून तर हे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड टूथपेस्ट, हे द्रावण आणि ग्लास आयनोमर सिमेंट या तिन्ही गोष्टी २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. म्हणजे ताप आणि जुलाबाच्या औषधांच्या पंक्तीला त्या येऊन बसल्या. आपल्या शाळा-तपासणीच्या पेटीत मात्र अजून बॅटरीच आहे.

शंभर वर्षांपूर्वी न्यूझीलंडने यापेक्षा धाडसी पाऊल टाकले. डॉक्टर शाळेत येत नाहीत ना, मग तरुण मुलींनाच दोन वर्षे शिकवून मुलांचे दात भरायला बसवू, असे म्हणून १९२१ मध्ये त्यांनी दंत परिचारिका तयार करायला सुरुवात केली. शाळेच्या आवारातच छोटा दवाखाना. तिथली पोरे त्या खोलीला गमतीने "कत्तलखाना" म्हणत, कारण पोरे ती पोरेच. पण त्यांचे दात तोंडात राहिले. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही डेंटल हायजिनिस्ट नावाचा वर्ग पहिल्यापासून होता. सरकारी खात्यात तो शोधायला दुर्बीण लागते.

याऐवजी आपल्याकडे होतात ती शिबिरे. नेत्याचा वाढदिवस, फ्लेक्स, मंडप, सत्कार. दोनशे पोरांची रांग, एकेकाला अर्धे मिनिट, हातात टूथपेस्टची छोटी ट्यूब आणि ब्रश, मग सामुदायिक फोटो. "अमुक मुलांची दंततपासणी" ही बातमी दुसऱ्या दिवशी येते. ज्या पोराची दाढ त्या सकाळी ठणकत होती, त्याची ती त्या रात्रीही ठणकते. शिबिराला माझा विरोध नाही. ज्या शिबिरात त्याच दिवशी निदान दहा दाढा भरल्या गेल्या, त्याच्या मंडपाला मी स्वतः तोरण बांधीन. बाकीच्यांनी वाढदिवस घरीच साजरा करावा.

"दातदुखीने कुणी मरत नाही," असेही म्हणणारे आहेत. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २००७ मध्ये बारा वर्षांचा एक गरीब मुलगा किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूत जाऊन दगावला. दात काढायचा खर्च साधारण ऐंशी डॉलर होता. कुटुंबाचा सरकारी विमा मधेच खंडित झालेला, आणि त्या विम्यावर गरीब मुलांना तपासणारे दंतवैद्य मिळणे मुळातच मुश्कील. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, रुग्णालयाचे बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेले, पोर वाचले नाही. त्यानंतर तो देश हलला. २००९ मध्ये गरीब मुलांच्या आरोग्यविम्यात दातांचे उपचार कायद्याने बंधनकारक झाले. इतका श्रीमंत देश, पण एक पोर गेल्याशिवाय कायदा झाला नाही. आपल्याकडे असे पोर गेले तर मृत्यूच्या दाखल्यावर "मेंदूज्वर" किंवा "सेप्सिस" लिहिले जाईल आणि दाताचे नाव कुठेच येणार नाही.

उपचारापेक्षाही स्वस्त काम आहे ते रोजच्या ब्रशचे, आणि ते शाळेत होऊ शकते. फिलिपाइन्सने सरकारी शाळांत पोरांना रांगेत उभे करून हात धुवायला आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायला लावले. शिक्षकच लावतात, डॉक्टर लागत नाही. स्कॉटलंडने बालवाड्यांत तेच केले. आपल्या आश्रमशाळांत आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांत तर मुले चोवीस तास राहतात. तिथे हे उद्यापासून सुरू करायला कुठल्या नव्या योजनेची गरज आहे?

चाळीस पोरांच्या जिल्हा परिषद शाळेचा खर्च मांडू. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. चाळीस पोरांना रोज दहा ग्रॅम. शाळेचे दोनशे दिवस धरले तर दोन किलो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वीस ट्यूब. साठ रुपयांनी बाराशे. ब्रश वर्षाला तीन, पंधरा रुपयांचा एक. चाळीस पोरांचे अठराशे. एकूण तीन हजार. पोरामागे वर्षाला पंचाहत्तर रुपये, शहरातल्या एका पॉपकॉर्नच्या पुड्यापेक्षा कमी. अंगणवाडीतल्या तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरते, म्हणजे तिथे याहूनही थोडक्यात भागेल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आधीच जास्त आहे, पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. तिथे आधी पाणी तपासून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारावे. पेस्ट गिळायची नाही, थुंकायची, हे सगळीकडेच शिकवावे लागते.

हे तीन हजार गावातच आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी ठरलेला आहे. तो कशावर खर्च झाला, हे गावात सहसा कुणी विचारत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुख्याध्यापकांना दोन आकडे विचारता येतात: मागच्या तपासणीत दातांसाठी किती मुलांना चिठ्ठी मिळाली, आणि त्यांतल्या किती जणांवर उपचार झाले. पहिला आकडा नोंदीत सापडेल. दुसऱ्यासाठी आशाताई, अंगणवाडीताई आणि वर्गशिक्षक यांना एकत्र बसावे लागेल. चिठ्ठी मिळालेल्या दहा-बारा पोरांना एकाच दिवशी, एकाच जीपने ग्रामीण रुग्णालयात नेले, सोबत दोन आया आल्या, तर बाकीच्या आयांचा रोज बुडत नाही आणि आधी कळवलेले असल्याने डॉक्टरांनाही त्या दिवशी खुर्ची सोडता येत नाही. जीपचे डिझेल याच निधीत बसवता येईल का, ते समितीत ठरवावे. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणायचा असेल तर ग्रामपंचायतीत सभेच्या आधी लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.